रुमालाखालची बोटं

सुखदेव मूळचा वाशिमकडचा. पुण्यात आला आणि मार्केट यार्डात गुळाच्या एका आडतीवर चिकटला तो चिकटलाच. तिथल्या जुन्या खोडांकडून त्यानं एक विद्या उचलली होती. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. ती पद्धत आता बंद झाली. पण चहाच्या वेळी कुणीतरी गमतीनं रुमाल टाकतोच, आणि सुखदेव कुणाला हार जात नाही. त्यामुळे त्याचा मुलगा तेजस अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा चाळ हळहळली, पण या गड्याची छाती फुगलेलीच.

"पोरगं बोटांनी बोलतंय," तो आडतीवर सांगे. "माझं बोट धरून थेट गुळाच्या डब्यापाशी नेतंय. आपलंच रक्त!"

घरी मात्र सल्ल्यांचा सुकाळ. आई, द्वारकाबाई, गावाहून फोनवर म्हणे, "तू बी त उशिरानंच बोलला होता. पोराले दवाखाना कायले?" शेजारच्या हेमाताई म्हणाल्या, "मोबाईल बंद करा, आपोआप बोलेल." मोबाईल बंद केला. पोरगं रडलं भरपूर, बोललं नाही. बायकोनं, रुपालीनं, दगडूशेठला नारळ फोडला. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे खरं. पण मनालाच काही सुचत नसेल तर माणसानं काय करावं?

शेवटी रुपालीच म्हणाली, "अहो, मी हाक मारते तर तो वळून बघत नाही. मला भीती वाटते." मग कुठे सुखदेव सुट्टी टाकून दवाखान्यात गेला.

"बोट दाखवतो का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

सुखदेव याचीच वाट बघत होता. त्यानं डब्याची सगळी कथा रंगवून सांगितली. बाई हसल्या नाहीत.

"तुमचं बोट धरतो, समजलं. स्वतःचं बोट करतो का कशाकडे? 'बघा, भूभू', असं तुम्हाला दाखवायला?"

"नाही."

"आणि तुम्हाला ओढून नेताना तुमच्या तोंडाकडे बघतो?"

सुखदेवला आठवेचना. तो स्वतःही रोज डब्याकडेच बघत चालला होता.

"मी आज या लक्षणांना काहीच नाव देत नाही," बाई म्हणाल्या. "आधी कान तपासून घेऊ. पण शिकवणं आत्ताच सुरू करू, थांबण्यात अर्थ नाही. मागेल ते लगेच देऊ नका. वस्तू आपल्या डोळ्याजवळ धरा आणि वाट बघा. तुमच्याकडे बघू दे त्याला."

रिक्षात सुखदेवच्या डोक्याचा नुसता भुगा झाला. ज्या गोष्टीचं गावभर कौतुक केलं, तीच काळजीची? मग आई म्हणते ते खोटं? आणि बाईंनी नाव दिलं नाही, म्हणजे बरं की वाईट? राग आला होता, पण कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

संध्याकाळी तेजसनं नेहमीसारखं त्याचं बोट धरलं आणि ओढलं. सुखदेवला आधी हातच सोडवावासा वाटला, मग हात सोडवावासा वाटला म्हणून रडू आलं. डब्यातून गुळाचा खडा काढून त्यानं तो आपल्या डोळ्याजवळ धरला. पोरानं बोट ओढलं, पाय आपटले, भोकाड पसरलं.

"द्या ना हो," रुपाली कळवळून म्हणाली.

"थांब."

एकाएकी तेजस गप्प झाला. मान वर करून एकटक बघू लागला.

"बघितलं!" रुपाली ओरडली. "अहो, तुमच्याकडे बघितलं!"

सुखदेवनं खडा पोराच्या हातावर ठेवला. गूळ डोळ्याला अगदी चिकटून होता. पोरानं बापाकडे पाहिलं की गुळाकडे, हे त्याला काही केल्या ठरवता येईना. त्यानं डब्यातून दुसरा खडा काढला.