काढून टाकायची वाट बघताना

लातूरला शिकायला निघाले तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्र्याची पेटी उमरीच्या स्टँडवर स्वतः बसमध्ये चढवली. ते मला सोडायला येणार होते. माय खाली, खिडकीला हात लावून उभी. "रंजू, अभ्यास करून राहिले म्हणून उपाशी झोपू नको," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. दहावी नुकतीच झाली होती. बस हलली, माय थोडं सोबत चालली, मग धुरळ्यात दिसेनाशी झाली. मी रडले नाही. जग एवढं लांब पसरलंय, याचंच नवल वाटत राहिलं.

लातूरच्या खोलीत शैलजा भेटली. निलंग्याकडची, बोलता बोलता मधेच कन्नड शब्द टाकणारी. वर्गात आमच्या दोघींत चढाओढ असायची. तरी संध्याकाळी ती पुस्तक मिटून माझ्यासमोर बसायची आणि प्रश्न विचारायची. मी चुकले की समजावून सांगायची. पुढं इंजिनिअरिंग नांदेडला एकत्रच झालं आणि नोकरीही हैदराबादला एकाच कंपनीत लागली. पहिल्या दिवशी रिक्षावाला "हौ, बैठो" म्हणाला, तेव्हा मला निजामाच्या काळात वाढलेले, असंच दखनी बोलणारे माझे आजोबाच बोलल्यासारखे वाटले. त्या शहरात मी परकी अशी फार दिवस राहिलेच नाही. लग्न झालं, मुलगी झाली, हप्त्यांवर फ्लॅट घेतला. महेशची, माझ्या नवऱ्याची, कमाई कमिशनवरची, कधी असे, कधी नसे. घर माझ्या पगारावर उभं होतं.

मग गेल्या वर्षी आमचा अख्खा विभाग बंद होणार असल्याचं मीटिंगमध्ये सांगण्यात आलं. कोणाचं नाव कधी येईल ते नक्की नव्हतं. ज्याला कंपनी काढेल त्याला काही महिन्यांचा पगार हातात मिळणार. जो आपणहून सोडेल त्याला काही नाही. त्या दिवसापासून ऑफिसात आमचं काम म्हणजे खुर्चीत बसून स्वतःचं नाव येण्याची वाट बघणं.

मी वाट बघायचं ठरवलं. दादांना फोनवर हे समजावताना नाकी नऊ आले.

"काढणार म्हणतेत, आन् तू तिथंच बसून राहिलीस?"

"दादा, त्यांनी काढलं तर पैसे मिळतेत. मी सोडलं तर न्हाई."

"म्हंजी माझी लेक काढून टाकायची वाट बघून राहिली?" मग दादा हसले, पण ते हसणं लवकर संपलं. "कर बाई. तुला कळतंय. पण हात बांधून बसू नको, लई वाईट सवय लागती."

शैलजा मात्र पहिल्याच आठवड्यात इंटरव्ह्यू द्यायला लागली. तिच्या घरी तिची आई आणि ती, कमावणारी एकटी. एके दुपारी कँटीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली. एका कंपनीत आमच्याच कामाची एक जागा निघाली होती. एकच.

"तूही अर्ज कर," ती म्हणाली.

"वेड लागलंय का? तू दिलायस ना?"

"मग? लातूरला काय करत होतो आपण?"

तिनं माझा अर्ज तिथंच बसून भरायला लावला. पुढं रोज जेवण झालं की ती मला प्रश्न विचारायची, मी तिला. बघता बघता आमच्या टेबलाभोवती टीममधले बाकीचेही बसू लागले. कुणी तेलुगू, कुणी हिंदी बोलणारा, सगळ्यांची नजर त्याच दोनचार नोकऱ्यांवर. आणि तरी जो ज्यात तरबेज तो ते सगळ्यांना शिकवत होता. फळ्यावर आकृत्या काढल्या जात होत्या, चुका काढल्या जात होत्या, हसणं चाललं होतं. ज्या ऑफिसातून आम्हाला हाकलणार होते, तिथं माणसं इतकी मोठी होताना मी पाहिली. मी नुसती बघत राहायचे.

ती जागा मला मिळाली.

अट अशी की लगेच रुजू व्हायचं. म्हणजे राजीनामा द्यायचा, इतकी वर्षं केलेल्या नोकरीची भरपाई सोडून द्यायची. पण मला त्याहून मोठी अडचण शैलजाची वाटत होती. मी तिला म्हटलं, "मी नाही म्हणून कळवते. पुढचं नाव तुझंच असेल."

ती एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "माझ्यावर दया दाखवू नको. तुला पोर हाय, हप्ते हायेत. आन् तू माझ्यापेक्षा चांगली उत्तरं दिलीस. मी शिकवलेली हायेत ती, माझाबी मान हाय त्यात!"

मी राजीनामा दिला. शैलजा थांबली. तिचं नाव आलं, तिला पैसे मिळाले, आणि नंतर कितीतरी महिने तिला नकारच येत राहिले. त्या महिन्यांत तिला फोन करणं मी आज-उद्यावर ढकलत राहायचे. ती मात्र माझ्या नव्या कामाचीच चौकशी करायची. शेवटी घरून करायचं काम मिळालं आणि ती आईला घेऊन लातूरला राहायला गेली.

या उन्हाळ्यात मी लेकीला घेऊन उमरीला गेले होते, तेव्हा ती आम्हाला भेटायला तिथं आली. दादांनी सगळी हकिगत माझ्याकडून ऐकली होती. ती ओट्यावर चढली तसे ते उठून उभे राहिले. त्यांच्या वयाचा माणूस लेकीच्या वयाच्या पोरीसमोर डोक्यावरची टोपी सरळ करत उभा होता. मग म्हणाले, "बस माय. तुला बघायचंच होतं."

शैलजा लाजली आणि थेट मायजवळ चुलीपुढं जाऊन बसली.

मी निघाले, शैलजा मात्र आणखी एक दिवस राहणार होती. दादा रस्त्यापर्यंत आले. आजवर हैदराबाद त्यांच्या तोंडी कायम 'तिकडं' असायचं. 'तिकडं कवा जाणार, तिकडं ऊन हाय का.' या खेपेला त्यांनी माझ्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "घरी पोचलीस की फोन कर."

हो म्हटलं, आणि गाडीत बसल्यावर मागं वळून बघितलं. ओट्यावर माय आणि शैलजा एकाच परातीत भाकरीचं पीठ मळत होत्या.