आईचे खालचे दात

आमच्या घरी दात दुखला की काढून टाकायचा. महापालिकेच्या दवाखान्यात काढणं जवळजवळ फुकट होतं आणि वाचवणं परवडत नव्हतं. आई कोथरूडमध्ये चार घरची भांडी घासायची, त्यावर माझं कॉलेज झालं. घराण्यातली पहिली पदवीधर मी. तोवर आईच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. खालची कवळी सारखी निसटायची, म्हणून ती भाकरी आमटीत भिजवून गिळायची.

मी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी इम्प्लांटचा, म्हणजे हाडात स्क्रू रोवून बसवायच्या पक्क्या दातांचा, खर्चाचा आकडा सांगितला. पूर्ण बत्तीशीचा समजून मी ऐटीत होकार दिला. तो एकाच दाताच्या स्क्रूचा होता, वरची टोपी वेगळी.

"येवढी शिकलीस, आधी इचारायचं तरी!" आई म्हणाली.

मग नीट विचारलं. खाली दोनच स्क्रू बसवून त्यांवर कवळी अडकवता येते, पैसेही टप्प्याटप्प्याने चालतात. तरी पहिल्याच टप्प्याला कमी पडले. आईने पत्र्याच्या डब्यातली पुरचुंडी काढली.

"माझ्या मयताला ठेवले होते. दात बसव. जाळायचं तुझं तू बघ."

मी ते घेतले. हाडात स्क्रू पक्के व्हायला काही महिने गेले. त्यानंतर आईने कोरडी भाकरी चावून खाल्ली.