खतिजाचाचीची वळवाची हाक

शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत हवामान खात्याच्या आधी खतिजाचाची बोलते. बोलते म्हणजे ओरडते.

"बाळाबाईऽऽ! संयोगिताऽऽ! गुंड्याऽऽ! वळीव आला, मिरच्या भिजल्या की गंऽऽ!"

मिरच्या भिजलेल्या नसतात. पण नुसतं 'भिजतील' म्हटलं तर दुपारच्या झोपेतनं उठणार कोण?

वर्षाच्या चटणीच्या मिरच्या साऱ्या गल्लीनं चाचीच्या स्लॅबवर टाकायच्या, ही आमच्याकडची रीत. बाकीच्यांच्या डोक्यावर पत्रा, नाहीतर मागच्या अपार्टमेंटची सावली. ऊन एकट्या चाचीकडं. मीरासाबचाचांनी जन्मभर सायकलींची पंक्चरं काढून हा स्लॅब टाकला, आणि त्याचा पहिला उन्हाळा बघायच्या आधीच ते गेले. मुलगा तोहिद पुण्यात नोकरीला. तेव्हापासून खाली चाची एकटी आणि वर गल्लीच्या मिरच्या. प्रत्येकीच्या जुन्या साडीवर पसरलेल्या, आणि कुठली साडी कुणाची हे चाचीला पाठ.

यंदा एप्रिलभर वळवानं चाचीला एकटं सोडलं नाही. दुपार कलली की इचलकरंजीच्या अंगानं काळं व्हायचं, वारं सुटायचं, आणि चाचीची हाक. मग जिन्यावर नुसता धडधडाट. गुंडू बनियनवर पळत यायचा.

"चाची, आमची साडी कुठली?"

"तुझ्या म्होरंच हाय की रं, बैला! हिरवी! आईची साडी वळखीना व्हय तुला?"

सगळ्यांच्या मागनं बाळाबाई. पायरीपायरीला "आई गंऽ… आई गंऽ…" आणि शेवटच्या पायरीवर ठरलेलं वाक्य. "कुठल्या मेल्यानं बांधलाय हा जिना?"

"माझ्याच मेल्यानं," चाची म्हणायची, आणि दोघी तोंडाला पदर लावून खिदळायच्या.

गोळा केलेल्या मिरच्या आणि आम्ही सगळे जिन्याच्या खोपीत कोंबलेले. बाहेर पाऊस, आत चाचीचा चहा. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं, कालच्या फुटबॉल मॅचचं, सगळं निघायचं. पाऊस थांबला तरी कुणी हलायचं नाही. चाची कप विसळत म्हणायची, "बसा की, अजून शितोडं हाईत." शितोडे कुठले! चांगलं ऊन पडलेलं असायचं.

मग एके दिवशी त्याच खोपीत संयोगितानं मोबाईल लावला. बातम्यांतली बाई लग्नपत्रिका वाचावी तशी वाचत होती. "दक्षिण मध्य महाराष्ट्रात वादळी पावसाचा जोर ओसरणार असून, कमाल तापमानात दोन ते चार अंशांनी वाढ होण्याची शक्यता आहे."

"नाद खुळा!" गुंडू ओरडला. "आता मिरच्या पापडागत वाळत्यात बघा! गेलंच कुटायला डंकावर!"

"सुटलो बाई ह्या जिन्यातनं," बाळाबाई म्हणाल्या.

"चांगलंच झालं की," चाची म्हणाली. चहाचं पातेलं रिकामं होतं, तरी ती ते ढवळत राहिली. "चांगलंच झालं."

ऊन असं तापलं की गल्लीतली कुत्री गटारात जाऊन बसली. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. वर कुणीच येईना. चाची डोक्याला ओला पदर गुंडाळून एकटीच मिरच्या खालवर करायची. तोहिदचा फोन यायचा. "अम्मी, जेवलीस का? धूप में मत फिर. बरं, ठेवतो." चाचीचं 'जेवले' व्हायच्या आत ठेवलेला असायचा.

एकदा तिनं कठड्यावरनं गुंडूला गाठलं. "गुंड्या, वर ये की जरा. मिरच्या बघून जा."

"त्यात काय बघायचं चाची? ऊन हाय, वाळत्यात. वळीव आला की मारा हाक, आलोच!"

ती कठड्याला तशीच टेकून राहिली.

दुसऱ्या दिवशी, ऐन उन्हात, हाक आली. "बाळाबाईऽऽ! संयोगिताऽऽ! गुंड्याऽऽ! वळीव आला!"

गल्ली उठली. जिना धडधडला. वर येऊन बघतो तर ऊन डोळ्यांत घुसतंय. गुंडू अनवाणीच आलेला, तापल्या स्लॅबवर नाचायला लागला. "आयाई गं! चाची, ढग कुठाय ढग?"

"आत्ता तर हुता की, ह्या अंगाला," चाची आभाळाकडं न बघताच म्हणाली. "गेला वाटतं."

"म्हातारपण आलं चाची तुम्हाला," संयोगिता हसत म्हणाली. सगळेच हसले. चाचीही हसली.

मागनं "आई गंऽ" करत बाळाबाई पोचल्या. जिन्याचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते तिथंच राहिलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्यांना परात दिसली. परातीत स्टीलचे ग्लास, ओल्या फडक्यानं झाकलेले. फडकं उचललं. ताक. कोथिंबीर घातलेलं. सगळ्यांना पुरेल एवढं.

बाळाबाईंनी चाचीकडं बघितलं. चाची मिरच्या बघत होती.

"हुता ढग," बाळाबाई म्हणाल्या. "मीबी बघितला जिन्यातनं. घ्या गं ताक, ऊन कडकलंय किती."

ताक पिऊन झालं. गुंडूनं एक मिरची मोडून बघितली, कट्कन मोडली. "वाळल्यात की! आलोयच वर तर नेऊनच टाकू." मग सगळ्यांनीच आपापल्या साड्यांची गाठोडी बांधली. बघता बघता स्लॅब मोकळा झाला. चाची प्रत्येकाला गाठोडं डोक्यावर चढवून देत होती.

बाळाबाईंनी आपल्या साडीच्या कोपऱ्यात मूठभर मिरच्या तशाच ठेवल्या. "ह्या ऱ्हाऊ द्यात, खतिजाभाभी. ओल हाय अजून. मी उद्या गारगोटीला लेकीकडं जाणाराय, आल्यावर नेते. तवर नदर ठेवा."

चाचीनं त्यातली एक उचलली. ती बोटांतच चुरा झाली.

"व्हय," चाची म्हणाली. "ओल हाय."

बाळाबाईंच्या दाराला अजून कुलूप आहे. चाची रोज वर जाते, त्या मूठभर मिरच्या खालवर करते, आणि दुपार कलली की इचलकरंजीच्या अंगाला बघते. काल तिनं कठड्यावरनं वाकून हाक मारली, नेहमीपेक्षा पुष्कळ हळू. "बाळाबाई…"

मग तिनं स्वतःच मिरच्यांवर प्लास्टिक ओढलं, आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. वारं अजिबात नव्हतं.