शास्त्र पिशवीत, तळमजला कोरडा

रोज अर्धा तास शास्त्रमनन करण्याचं वचन आमच्या चर्चच्या मंडळीत सर्वांत आधी मी दिलं. त्या वेळी मी झोपेत होतो.

त्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब बारवी धरणावरच्या सहलीची नावं घेणार होते. (जेवण मंडळीतर्फे होतं. एरवी मी इतका उत्साही नाही.) उपदेश जरा लांबला, माझा डोळा लागला, आणि जाग आली ती "कोण कोण तयार आहे?" या प्रश्नावर. मी ताडकन उभा राहिलो. "आमचे चार धरा! दोन फुल, दोन हाफ!"

पाळकसाहेबांना गहिवरून आलं.

"बघा, साळव्यांनी लेकरांसकट रोज मनन करायचं ठरवलंय! ईस्टरनंतर ते आपल्याला साक्ष देतील."

सहलीची नावं आधीच घेऊन झाली होती. त्यात आमचं नव्हतं!

"मुलांना घेऊन मी संध्याकाळी बसते," घरी आल्यावर एस्तेर म्हणाली. "आमची काळजी नाही. तुमचं तुम्ही बघा."

बघायचं काय? ऐंशीच्या दशकातलं उल्हासनगर, घर एक खोली आणि स्वयंपाकघर, समोरच्या गाळ्यात जीन्स शिवणारी बारा मशिनं. मी अंबरनाथच्या कारखान्यात सातच्या पाळीला. घरी यावं तर एका कानाशी मुलांचे पाढे, दुसऱ्याशी शेजारचा रेडिओ. एकांतासाठी मी न्हाणीघरात उलट्या बादलीवरही बसून पाहिलं. तिसऱ्या मिनिटाला दारावर थाप.

"अहो, मनन झालं असेल तर बाहेर या, धाकट्याला घाईची लागलीय!"

शेवटी जागा सापडली ती गच्चीवर. पाण्याच्या टाकीमागे, पहाटे साडेपाच ते सहा. आमच्या वडिलांचं मोठ्या अक्षरांचं शास्त्र, म्हणजे बायबल, मी पिशवीतून वर न्यायचो. जाडजूड, पुठ्ठ्याला पितळी कोपरे, एका हाताने उचललं तर खांद्यातून कळ यावी! खाली दव असायचं, म्हणून पिशवी टाकीजवळच्या एका लोखंडी दांड्याला अडकवायचो. मग मन एकाग्र करण्यासाठी फक्त पाच मिनिटं डोळे मिटायचो.

ते सहा वाजता उघडायचे.

पण फळ मात्र मिळायला लागलं! चौथ्याच दिवशी एस्तेर म्हणाली, "अहो, नळाची धार बघा! पिंप भरून वाहतंय! तुम्ही मननाला बसायला लागल्यापासून!"

"कृपा आहे," मी छताकडे बघत म्हणालो. (अशा वेळी छताकडेच बघायचं असतं. बायकोकडे नाही.)

तेवढ्यावर थांबेल ती एस्तेर कसली? महिला सभेत उभं राहून तिने या पाण्याची साक्ष दिली. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. आता माघार नव्हती. सत्य बाहेर आलं असतं, तर माझ्याबरोबर तिचंही हसं झालं असतं.

आमच्या इमारतीत पाणी सुटायचं तेही नेमकं साडेपाच ते सहा. टाकीतून दोन नळ निघायचे, एक वरच्या दोन मजल्यांना, एक खालच्या दोन मजल्यांना. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आणि तळमजल्यावरच्या कांबळे वहिनी त्या पंधरवड्यात सेक्रेटरी नारीभाईंच्या दाराशी रोज रिकामी कळशी घेऊन उभ्या!

"भाऊ, मी काय अंगणात विहीर खणू का?"

नारीभाई सहानंतर वर येऊन बघायचे, तर सगळं ठाकठीक. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "साईं, कोई पानी चोर है!" आणि एका पहाटे पावणेसहालाच ते काठी आणि टॉर्च घेऊन गच्चीवर आले. माझ्या तोंडावर झोत पडला.

"साळवे! तुम?"

"मी... मी मनन करतोय!"

"घोरत घोरत?"

"डोळे मिटून करतात, नारीभाई."

"किताब किधर है?"

मी पिशवीकडे बोट दाखवलं. नारीभाईंनी ती दांड्यावरून काढली मात्र, पाइपात गुडगुड झालं आणि खालून कांबळे वहिनींची आरोळी आली, "आलं! आलं!"

नारीभाईंनी पिशवी परत अडकवली.

"गेलं!"

काढली.

"आलं!"

हा खेळ त्यांनी पाच वेळा केला. (दोनदा पुरेसा होता.) तो दांडा म्हणजे खालच्या मजल्यांच्या पाण्याचा कॉक! तो ढिला झाला होता, म्हणून स्वतः नारीभाईंनीच सायकलच्या ट्यूबने वर ताणून बांधला होता. पिशवी अडकवली की दांडा खाली, पाणी बंद. सहाला मी पिशवी काढली की दांडा परत वर.

"मतलब, पानी चोर नहीं," नारीभाई सावकाश म्हणाले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. "पण साईं, किताब बाहर तो पानी चालू. किताब पिशवीत, तो पानी बंद. बरोबर?"

एव्हाना अर्धी इमारत वर आली होती. त्यात एस्तेर. आणि कांबळे वहिनी, हातात भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन! पाणी न आलेल्या प्रत्येक दिवसावर त्यांनी लाल फुली मारली होती. चौदा दिवस, तेरा फुल्या.

"मंगळवारी आलं होतं," त्या म्हणाल्या. "मंगळवारी वाचलं वाटतं भाऊंनी."

खरं होतं. त्या दिवशी डासांनी झोपू दिलं नव्हतं. आणि वाचलं काय होतं? तान्हेल्याला पाणी पाजण्याबद्दल!

नारीभाईंनी तिथेच निकाल दिला. कॉक दुरुस्त होणार नाही. पिशवी रोज तिथेच लटकेल, आणि साळवे शास्त्र बाहेर काढतील! त्यानंतर शास्त्र पिशवीतच ठेवून माझी डुलकी लागायचा अवकाश, तळमजल्यावरून हाक यायची, "साळवे भाऊ, पान उलटा! कळशी अर्धीच भरलीय!" असं पहाऱ्यात मनन दुसऱ्या कुणी केलं नसेल. पण खोटं कशाला सांगू, महिन्याभरात मला त्याची गोडी लागली. हाक यायच्या आधीच शास्त्र मांडीवर असायचं.

ईस्टरनंतर साक्षीला उभा राहिलो तेव्हा दोन फुल, दोन हाफपासून सगळं सांगून टाकलं. मंडळी हसून हसून बेजार झाली. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. एस्तेरने मात्र पदर सावरत मान खाली घातली. तिची पाण्याची साक्ष मी सगळ्यांदेखत धुऊन काढली होती. घरी जाताना ती माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिली.

जिन्याशी आल्यावर मी घाबरत म्हणालो, "चुकलं माझं. यापुढे एक दिवस चुकवणार नाही."

तिने मागे-पुढे बघितलं. कांबळे वहिनींचं दार बंद असल्याची खात्री केली.

"रोज वाचा हो," ती हळूच म्हणाली. "फक्त शनिवारी तेवढं झोपत जा. माझं धुणं असतं."