उजव्या डोळ्यावरची पट्टी

माझ्या मुलीला डाव्या डोळ्यानं जवळजवळ काहीच दिसत नाही, हे आम्हाला एका गांधीलमाशीमुळं कळलं. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. फुलंब्रीला सासरी गेलो होतो, तिथं अंगणात खेळताना गांधीलमाशी तिच्या उजव्या पापणीला चावली. संध्याकाळपर्यंत डोळा सुजून पार मिटला. सकाळी मी तिच्यापुढं दूध-पोळी कुस्करून ठेवली, तर ती ताटाच्या बाजूला फरशीवर हात फिरवत बसली. मला वाटलं, लाडात आलीय. मग ती म्हणाली, "आई, लाइट लाव ना."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

सूज उतरली तसं आम्ही शहरात परत येऊन तिला डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. डाव्या डोळ्याचा नंबर फार मोठा निघाला. त्या डोळ्यातून कायम धूसरच दिसत आलं, म्हणून मेंदूनं त्याच्याकडं लक्ष देणंच सोडून दिलंय, असं बाईंनी समजावलं. आता चष्मा लावायचा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करणं भाग पडेल. वय वाढेल तसं हे अवघड होत जातं, असंही त्या म्हणाल्या. मी घरी येताना रिक्षात एवढंच मनात धरून बसले होते.

चष्मा आला तेव्हा पहिली अडचण जिन्याची झाली. सिडकोत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. एरवी उड्या मारत उतरणारी पोरगी चष्मा लावला की पहिल्या पायरीवर खिळून उभी राहायची. जमीन वर येते, म्हणायची. शेवटी तिच्या बाबांनी तो इवलासा चष्मा स्वतःच्या डोळ्यांपुढं धरून खाली पाहिलं आणि पटकन कठडा पकडला. पायरी कुठं संपते तेच कळत नाही, म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही तिला पायरी पायरी बसत, घसरत खाली आणायचो. हळूहळू तिच्या पायांना अंदाज आला.

पट्टीचं मात्र तसं झालं नाही. पट्टी लावली की तिचं जग पुन्हा त्या सकाळसारखं व्हायचं. ती भिंतीला धरून चालायची, दाराच्या चौकटीला धडकायची. पट्टी काढताना भुवईचे केस ओढले जायचे, कातडी लाल व्हायची. एकदा मी पट्टीचा कागद सोलत असताना ती पलंगाखाली शिरली आणि तिथूनच तिनं विचारलं, "मी काय केलं?" तिला ती शिक्षा वाटत होती. शिक्षा नाही बाळा, औषध आहे, असं मी सांगितलं. पण तिला ओढून बाहेर काढणारे हात माझेच होते, त्यामुळं माझं सांगणं तिला पटण्यासारखं नव्हतं. मी हात मागं ठेवून खोलीत शिरले तरी ती पळायला लागली.

मी घरी शिवणकाम करते. दिवाळीच्या आधी कामाचा ढीग पडला, म्हणून सासूबाई मदतीला येऊन राहिल्या. मी मशीनवर बसले की मुलगी त्यांच्याकडं असायची. रडणं कमी झालं आणि मला बरं वाटायला लागलं.

पुढच्या तपासणीला आम्ही तिघी गेलो. डाव्या डोळ्यात काहीच फरक नव्हता. पट्टी रोज ठेवता ना, असं बाईंनी विचारलं आणि मी हो म्हणाले. तेव्हा खुर्चीत बसलेली मुलगी अगदी सहज म्हणाली, "आजी काढते की. आई आली की परत लावते."

घरी आल्यावर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. "काढली म्या," त्या म्हणाल्या. "लेकरू भिताडाला धडकायचं. लई रडायचं. मला बघवंना."

"मला बघवतं का, आई?"

आणि मी मशीनवर जाऊन बसले. आणखी बोलले असते तर रडू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी घेऊन निघाले, तर त्यांनी मुलीला आधीच मांडीवर घेतलं होतं. माझ्याकडं हात करून म्हणाल्या, "आण इकडं." मुलगी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. "आजी, तू पण?" असं म्हणून तिनं अंग ताठ केलं. पट्टी वाकडी लागली. त्यांनी ती अंगठ्यानं दाबून दाबून बसवली. मुलगी रडली, त्यांच्या हाताला चावली. त्यांनी हात काढून घेतला नाही.

मग त्यांनी सुपात तांदूळ घेतले आणि तिला खडे वेचायला बसवलं. खडा कुठं आहे हे त्या सांगायच्या नाहीत. तिचं नाक तांदळाला टेकायचं, हाताला कणीच लागायची, तरी त्या गप्प बसून राहायच्या. किती वेळ जाईल तेवढा जाऊ द्यायच्या. शेवटी पट्टी काढली की तिचा चष्मा आपल्या पदरानं पुसून द्यायच्या. मी मशीन थांबवून ऐकायचे. कधी खडा सापडल्याचा आवाज यायचा, कधी सूप लाथाडल्याचा.

दिवाळी झाली तरी सासूबाई परत गेल्या नाहीत. सासऱ्यांना जेवणाचा त्रास होत होता, ते फोनवर कुरकुरायचे. तरी उन्हाळ्यापर्यंत त्या राहिल्या.

आता मुलगी पहिलीत आहे. चष्मा सकाळी स्वतः शोधून लावते. डावा डोळा थोडा सुधारलाय. डॉक्टरीणबाईंच्या तक्त्यावरच्या वरच्या ओळी त्याला वाचता येतात, खालच्या नाहीत. पट्टीचे तास कमी झालेत, पण संपलेले नाहीत. उरलेली नजर येईल की नाही, हे बाई नक्की सांगत नाहीत. पट्टी लावू देते ती मला आता, डोळे मिटून, श्वास धरून. चष्मा पुसायला मात्र माझ्याकडं देत नाही. सासूबाई येणार असल्या की त्यांच्यासाठी तसाच ठेवते, बोटांचे ठसे उमटलेला, आणि त्यातूनच बघत राहते.