वसंतरावांनी काढलेला माझा दुसरा फोटो

सगळ्यात आधी आली ती शांता. आंजीहून ऑटो करून, फाटकापासूनच गळा काढत. तिच्यामागे तिची सून, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात सासूच्या चपला. मी ओसरीवर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसले होते. शांता माझी धाकटी नणंद. बारा वर्षांत तिने माझं दार पाहिलं नव्हतं, कारण येऊ नको म्हणून मीच तिला सांगितलं होतं. तिने डोळ्यांवरचा पदर बाजूला केला, मला पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"अवं माय! तू जित्ती हायेस?"

"मंग? तुले काय वाटलं?"

"वर्ध्याले तुह्या फोटोले हार घातला हाये ना! उदबत्ती बी लावली हाये!"

"बरं, रडणं झालं असंन तं पाणी पे," मी म्हटलं, "अन् ह्या जुड्या बांधू लाग. उद्या सेलूचा बाजार हाये."

हा सगळा गोंधळ ज्यांच्यामुळे झाला ते सेलूचे फोटोवाले वसंतराव यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या गौरवाच्या पुस्तकात मीही लिहावं असा समितीच्या मंडळींचा आग्रह. मी तिसरीपर्यंत शिकलेली, वाडीतली भाजी विकणारी बाई. नात म्हणाली, "आजी, तू लिही, मी नुसते काना-मात्रा पाहते." म्हणून लिहायला बसले. आनंद झाला की मी लांबण लावते, तेवढं वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

वसंतरावांची पहिली ओळख माझ्या लग्नानंतरच्या वर्षातली. आमचे हे आणि मी त्यांच्या दुकानात फोटो काढायला गेलो होतो. दोन लाकडी खुर्च्या, मागे निळा पडदा, त्यावर रंगवलेला डोंगर. वसंतराव तेव्हा काडीसारखे बारीक. त्यांनी आम्हाला हसायला सांगितलं नाही. हेच मला नवल वाटलं. फोटो झाला तशी मी उठले, बाजूच्या खुर्चीकडे पाहिलं आणि ह्यांना म्हटलं, "चला." ह्यांना कुठूनही उठवायचं तर मला तेवढं म्हणावंच लागायचं, बसले की बसले!

वसंतरावांची काम करायची रीत सगळ्या सेलूला माहीत आहे. पहिला फोटो ते तुम्हाला हवा तसा काढतात. पावडर लावा, पदर सारखा करा, त्यांच्या आरशात दहा वेळा पाहा, ते घाई करत नाहीत. मग म्हणतात, "झालं." माणूस सुटतो. खांदे पडतात, तोंडावरची ओढाताण जाते. तेवढ्यात ते दुसरा फोटो काढतात. हा दुसरा फोटो ते ज्याचा त्याला आधी दाखवतात, तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर फाडतात. पुष्कळांनी फाडायला लावले आहेत. आमच्या गावचे एक गुरुजी तर म्हणाले होते, "वसंतराव, हा मी नव्हे, हा माझा बाप आहे!" आणि दोन दिवसांनी तोच फोटो मागायला परत गेले. तो तर त्यांच्यासमोरच फाडला होता. वसंतराव त्यांच्यावर रागावले नाहीत, त्यांना नुसतं पुन्हा खुर्चीवर बसवलं.

त्यांच्या मनाचा मोठेपणा सांगायचा तर पुलगावची गोष्ट सांगते. माझ्या मावसबहिणीचे सासरे अंथरुणाला खिळलेले. पोरांना त्यांचा फोटो हवा होता, तो कशाला ते सगळ्यांना कळत होतं, म्हाताऱ्यालाही. वसंतराव निळा पडदा गुंडाळून घेऊन गेले. आधी त्यांनी म्हाताऱ्याची दाढी स्वतः केली, केस विंचरले, तासभर कापसाच्या गोष्टी केल्या. कॅमेरा पिशवीतच. म्हातारा शेवटी म्हणाला, "अरे काढ ना बाप्पा, मी काय आजच चाललो का?" घरभर हसू पिकलं. त्या हसण्यातला फोटो आजही त्या भिंतीवर आहे.

आता माझा दुसरा फोटो.

आमचे हे गेले त्याला बारा वर्षं झाली. तेराव्या दिवशी बाया बसल्या होत्या आणि शांता सगळ्यांच्या समोर म्हणाली, "वहिनीच्या डोळ्याले पाणीच नाई." खरंच नव्हतं. मला रडूच आलं नाही, काऊन ते मलाही ठाऊक नाही. पण तिचं बोलणं मला भाजलं. मी म्हटलं, "माह्या दारात आता येजो नको." ती आली नाही.

पुढच्या महिन्यात सरकारी फॉर्मासाठी फोटो लागला. दिलीप, माझा मुलगा, मला वसंतरावांच्या दुकानी सोडून बँकेत गेला. त्याच दोन खुर्च्या. पहिला फोटो झाला. वसंतराव म्हणाले, "झालं." मी उठता उठता सवयीने बाजूच्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हटलं, "चला."

खुर्ची रिकामी होती. तेव्हाच तो दुसरा फोटो निघाला.

आठवडाभराने वसंतराव तो घेऊन घरी आले. म्हणाले, "गयाबाई, नको असेल तर आत्ता फाडतो." मी एकदा पाहिला आणि म्हटलं, "भाऊ, फाडू नका. पण मले बी देऊ नका." बारा वर्षं त्यांनी तो जपला. यंदा वर्ध्याला त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा ते पुन्हा विचारायला आले. मी मेथी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "लावा." फोटो माणसाएवढा मोठा करतील हे काय माहीत! दिलीप पाहून आला आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. म्हणे, तो पाहून एक लहान पोरगी रडायला लागली.

आणि मग हार. म्हाताऱ्या बाईचा एकटीचा एवढा मोठा फोटो, तोही काळा-पांढरा, भिंतीवर मधोमध. आपल्याकडे त्याचा अर्थ एकच. कोण्या बाईने हात जोडून हार घातला, चौकीदाराने उदबत्ती लावली, आणि शांताच्या शेजारणीच्या पोरीने ते फोनमध्ये घेऊन आंजीला पाठवलं.

तर त्या दिवशी ओसरीवर शेजारपाजार जमला. कोणी हसतं, कोणी मला हात लावून पाहतं. इतक्यात हाराचं कळून वसंतराव स्कूटरवर आले, तोंड उतरलेलं. दिलीप त्यांच्यावर तुटून पडला. "काका, माह्या मायले जित्तेपणी मारलं तुम्ही! आत्ताच्या आत्ता काढा तो फोटो!"

वसंतराव हात जोडून म्हणाले, "काढतो. तोच काय, सगळेच काढतो. या वयात लोकांना रडवायचं मला काय काम? कॅमेराही ठेवून देतो आता." ते रागाने म्हणाले नाहीत, म्हणून मला भीती वाटली. असं शांतपणे बोललेलं माणूस खरं करतं.

तेव्हा शांता बोलली. तिच्या हातात अजून सांबाराची जुडी होती.

"दिलीप, थांब बापा. हार दिसला म्हणून मी आली नाई. हारावर माही शेजारीणच रडली असती. मी हे डोळे पाह्यले." तिने सुनेचा फोन माझ्यापुढे धरला. "वहिनी, तू माह्या भाऊले बोलावून राह्यली ना इथं? 'चला' म्हणून?"

मी मान हलवली.

"मी काय बोलली होती त्या दिवशी," ती म्हणाली, आणि हातातली जुडी तिने माझ्या मांडीवर ठेवली. बारा वर्षांनी माझ्या डोळ्याला पाणी आलं, तेही सांबाराच्या जुड्या बांधताना. कांदा असता तर निदान लपवता आलं असतं!

मी डोळे पुसले आणि वसंतरावांना म्हटलं, "भाऊ, फोटो राहू द्या. नुसता हार काढा." संध्याकाळी दिलीप स्वतः वर्ध्याला गेला, हार काढून आला.

वसंतरावांना लोक म्हणतात, तुमचे फोटो अंगावर येतात. येतातच. पण माझ्या मनातलं मला सांगता आलं नाही ते त्यांनी बारा वर्षं सांभाळून ठेवलं, आणि ज्या माणसाने पाहायला हवं होतं त्याच्यापर्यंत ते पोचलं. समितीची मंडळी त्यांच्या गळ्यात हार घालतील. असे ताजे हार त्यांच्या गळ्यात वर्षानुवर्षं पडोत, हात थरथरू नयेत, डोळे असेच तेज राहोत, आणि त्यांच्या फोटोला हार चढायची वेळ इतकी लांब जावो की ती पाहायला आम्ही कोणी नसू.

त्या दिवशी मी दोघांनाही जेवून जा म्हटलं. "आज नाही, पडदा घेऊन येतो," वसंतराव म्हणाले. "मले बी साधं लुगडं हाये आज, फोटोले चांगलं नेसून येतो," शांता म्हणाली. दोघींचा फोटो काढायचा आहे, एकमेकींशेजारी. पहिलाही आणि "झालं" म्हटल्यावरचाही. दोन खुर्च्या मी पुसून ओसरीवर ठेवल्या आहेत. रविवारी येतो म्हणालेत.