गुडघ्याचं मलम आणि तीन पिंपं

आमच्या थोरल्या साडूंइतकं गावाचं पोट ओळखणारा माणूस बारामतीत दुसरा नसेल, डॉक्टर धरूनही. डॉक्टरांकडे आजारी तेवढेच जातात. साडूंकडे सगळं गाव यायचं, पाइपातून. सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर ते ऑपरेटर होते, आणि लोकांनी गिळलेली प्रत्येक गोळी शेवटी आपल्याच अंगणात येते, हा त्यांचा आयुष्यभराचा घोर होता.

त्यामुळे त्यांच्याकडे जेवायला जायचं म्हणजे प्रकृतीचा जबाब द्यायचा. ताट वाढायच्या आत विचारायचे, "पावनं, बीपीची गोळी कंची? बदलली का?"

"साडूभाऊ, गोळी माझी, बीपी माझा. तुम्हाला काय त्याचं?"

"निम्मी तुमाला, निम्मी मला. तुमी सकाळी सोडता, मी दुपारी झेलतो."

प्रत्येक औषधाचं प्रमाण वेगळं असतं, सरसकट निम्मी म्हणणं चूक आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं आणि पुन्हा निम्मीच म्हणाले. शेळगावच्या एका लग्नात तर त्यांनी अक्षता पडायच्या आधी वरबापालाच गाठलं आणि उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मोरीत टाकता का, असं विचारलं. वरबाप बिचारा मंगलाष्टका संपेपर्यंत नकारार्थी मान हलवत होता.

केंद्राच्या टाक्यांमधले जिवाणू मळ खातात, पण बऱ्याच औषधांना तोंड लावत नाहीत, आणि तेच पाणी पुढे उसाला जातं. म्हणून साहेबांच्या मागे लागून साडूंनी आवारात तीन पिंपं मांडली आणि त्यांत खास तयार केलेला कोळसा भरला. पाणी त्यातून गेलं की औषधाचा अंश कोळशाला चिकटून राहायचा, अशी योजना. साहेबांची अट एकच: पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासायचे, फरक दिसला तर पिंपं राहतील, नाहीतर भंगारात जातील. साडूंच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते.

अहवाल आला. अंगदुखीवरचं एक औषध पिंपांत शिरताना जेवढं होतं, त्याच्या चौपट बाहेर पडताना निघालं. साडू जेवेनात. "कोळसा फितूर झाला, पावनं," एवढंच म्हणाले. मी तो कागद तीनदा वाचला. बाकी सगळी औषधं घटली होती, हे एकच वाढलं होतं. कोरा कोळसा चौपट औषध आणणार कुठून?

"नमुना कुणी घेतला?" मी विचारलं.

"मीच. दुसऱ्याच्या हाताचा भरवसा न्हाय."

"हातमोजे?"

"आतल्या पाण्याला घातले व्हते. भायेरचं आपलं चोख पाणी, त्याला कशाला?"

स्वयंपाकघरातून आक्कांचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, आवाज आला. "आन त्याच हातानं आदी गुडघ्याला मलम चोळलं व्हतं, ते बी सांगा की पावन्यांस्नी."

साडूंनी स्वतःचा तळहात उलटसुलट करून पाहिला. अख्ख्या तालुक्याची चौकशी करून झाली होती. एकच माणूस राहिला होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःची चूक साहेबांना लेखी कळवली, आणखी एक संधी मागितली आणि मलम बंद केलं. पंधरा दिवस काठी टेकत कामावर गेले. दुसऱ्या अहवालात पिंपांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते औषध मोजण्याइतकंही सापडलं नाही. पिंपं राहिली.

आता साडू निवृत्त होऊन कळंबला, आपल्या शेतावर राहतात. गुडघा जास्तच दुखतो. परवा मी म्हटलं, "आता मलम लावायला काय हरकत आहे? इथलं पाणी काही तुमच्या केंद्रावर जात नाही."

त्यांनी मोरीतून उसाकडे जाणाऱ्या पाटाकडे पाहिलं. "तेच तर. हितं पिंपं बी न्हाईत, पावनं."

मग आम्ही विहिरीपर्यंत चालत गेलो. पूर्वी दहा मिनिटं लागायची. परवा पंचवीस लागली, आणि त्यातलं एकही मिनिट मला कमी नको होतं.